दुसऱ्याच्या हातातला कासरा

हॅलो?… हॅलो!… कोण बोलतंय?… आं?… व्हय, इंदापूरच. आबासाहेबांची अडत… मीच की. मीच झुंबर, वरकुट्याचा… मुंबईवरनं?… मग द्या की बाई, वाट कुणाची बघताय?… हां, धरतो. धरलाच हाय.

आबासाहेब, ह्याचं कंचं टोक कानाला?… उलटं व्हय? तरीच म्हणलं, ती बाई एवढी लांबनं का बोलती.

हॅलो?… सारजा?… अगं बोल की!… तूच का? आवाज तुझा वाटत न्हाय. रांजणात तोंड घालून बोलल्यागत येतोय… व्हय, मीच. दुसरं कोण असणार?… मी वरडत न्हाय. मुंबई लांब हाय म्हणून जरा मोठ्यानं बोलतोय… बरं. बरं बाई, हळू बोलतो.

तू बरी हाईस का?… जेवलीस?… काय दिलं?… पाव? सकाळच्या पारी पाव?… हां, च्याबरूबर. आन् भाकरी?… मिळतच न्हाय? मग तू काय… भात हाय ना, मग झालं. दही माग. लाजू नगंस. सरकारी पाव्हणी हाईस तू.

मी? मी झ्याक… जेवतोय की. भीमा करतोय भाकरी… अगं जमती पोराला. एका अंगानं करपती आन् दुसऱ्या अंगानं कच्ची ऱ्हाती, म्हंजी मधी कुठंतरी चांगलीच असंल… चटणी सापडली. उतरंडीतल्या खालच्या गाडग्यात. वरची समदी उतरवून ठेवली, आता परत कुणाला रचता येत न्हाईत. घरभर गाडगीच गाडगी झाल्यात… तू आल्यावर लाव.

आज?… वांगी घिऊन आलो बाजाराला. आबासाहेबांनी बसवून ठेवलं, म्हणलं सारजाचा फोन येणार हाय. सकाळपासनं ह्या काळ्या डब्याकडं बघत बसलोय. आन् वाजला तर असा दचकलो, टोपली लाथाडली. वांगी पार दारापातूर गेली घरंगळत…

काय?… न्हाय. मी कुठं इषय टाळतोय? जेवणाचं तूच काढलंस.

अगं का आलो न्हाय ते तुला मोटारीशीच सांगितलं न्हाय का? पाण्याची पाळी हाय. पाटकरी म्हणला, झुंबरराव, पाणी सोडतोय, रानात कुणीतरी मोठं मानूस… आं? कवा?… मागल्या आठवड्यात झाली पाळी?… कुणी सांगितलं तुला?… तूच दारं धरत हुतीस?… व्हय. व्हय की. तूच धरली हुतीस, मी बांधावर बसलो हुतो. विसरलो.

बरं, पाण्याचं ऱ्हाऊ दे. म्हशीचं काय? आज-उद्या व्यायची ती… भीमा हाय गं, पर त्याला कुठं म्हाईत हाय… रावजी? रावजी शेजारी हाय म्हणून काय झालं? म्हशीला वळखीचं मानूस लागतं… त्याच्याकडनंच घेतलीया व्हय ती म्हैस… हं. मग वळखत असंल.

दाढ बी दुखतीया माझी… उजवी… हां, डावीच म्हणलो… अगं दुखायची ती कुठली बी दुखती, हसती काय?

आबासाहेब, तुमी तरी हसू नगा. नवराबायकोचं बोलणं हाय ह्ये… काय न्हाय गं, आबासाहेब मधी बोलत्यात. म्हणत्यात, मोटार सुटता सुटता झुंबरनं खाली उडी मारली, ती आमी दुकानातनं बघितली… उडी न्हाय ओ, उतरलो! पायरीवरनं उतरलो!

हॅलो… हां, बोल. काय म्हणलीस?… ऐकू आलं, पर पुन्ना सांग… तू बी जाणार न्हाईस?… अगं असं कसं?… शेतकीच्या साहेबाला सांगून टाकलंस?… हं. म्हंजी उद्या दुपारपातूर माझी वाट बघायची, आन् न्हाय आलो तर पेटी उचलून माघारी. सारजा, खुळी का काय तू? दिल्लीच्या शेतकी प्रदर्शनाला बलावलंय आपल्याला. जिल्ह्यात आपल्या वांग्याला पयला नंबर. त्या वांग्याचं बी कुणी राखलं? राखंत घोळून, फडक्यात बांधून, चुलीच्या वर टांगून, साल दर साल तूच राखलंस. मी आपला नांगर धरला. नांगर काय, कुणी बी धरतंय. आन् आता परवा सकाळी इमान सुटायचं, तर ही बाई म्हणती माघारी येती!… जोडप्यानं यायचं म्हणत्यात, त्ये खरं… मांडवात नाव दोघांचं पुकारणार, त्ये बी खरं. मग सांग की, मालक आजारी हाय… खोटं न्हाय बोलणार? मग दाढ दुखती म्हणून सांग, त्ये खोटं न्हाय.

थांब, थांब. ऐक माझं. मी आगगाडीनं येतो! तू इमानानं म्होरं हो, मी आगगाडीनं मागनं… पोचणार न्हाय?… दोन रातीदीस?… तवर मांडव सुटला बी असंल. हं… साहेब म्हणला हुता तसं. मी म्हणलं, तुला विचारून बघावं.

ते बारामतीचं जोडपं हाय का गं संगं? द्वारकाबाई आन् तिचा मालक, सोपान… मग त्यो कसा हाय? त्यो तर मोटारीत मिशीला पीळ देत बसला हुता. म्हणला, इमान म्हंजी काय, उडती मोटार… आं?… कालपासनं जेवला न्हाय? का?… इमान बघून आल्यापासनं? अरारारा… न्हाय, हसत न्हाय. बरं वाटलं जरा, एवढंच.

म्हंजी तुमी इमान बघितलं? तू बघितलंस?… काल? साहेबानं समद्यांना नेलं हुतं? मग हे आधी सांगायचं का पावाचं सांगत बसलीस!… केवढं हाय?… आपल्या खळ्याएवढं?… दोन खळी बसतील? बाबौ… आन् चाकं किती?… तीन? गाडीला दोन, मोटारीला चार, आन् ह्याला तीन?… दोन मोठी म्होरं आन् एक बारकं मागं, शेपटाखाली. मग त्ये हुबं कसं ऱ्हातं?… नाक वर आन् शेपूट भुईला?

सारजा!… अगं उलाळ झालीया ती गाडी!… उलाळ गं, उलाळ! मागं वजन जादा झालं की जू वर जातंय आन् बैलं फासाला लागत्यात, म्हाईत न्हाय का तुला? रावजीची झाली न्हाय का तुझ्या म्होरं, कांद्याची पोती समदी मागं भरली म्हणून? टांगली हुती बैलं बिचारी, जीभ बाहीर… काय न्हाय कसं? आत्ता जा आन् साहेबाला सांग. म्हणावं, आमच्या मालकानं गाडी हाकण्यात जन्म घालवलाय, ते म्हणत्यात पोती म्होरं सरकवा. सुटायच्या आधी सरकवा म्हणावं!

… आं? तूच विचारलंस?… साहेबाला? समद्यांच्या देखत?… अशी कशी गं तू… मग काय म्हणला त्यो? हसला असंल… न्हाय हसला? बरं, मग?… पळाय लागलं की शेपूट आपसूक वर येतंय… सरळ हुतंय… आन् मग वर चढतंय. तू बघितलंस का साहेबानं निस्तं सांगितलं?… तुझ्या डोळ्यादेखत एक उडालं… हं… म्हंजी हुबं असताना उलाळ, चालाय लागलं की तोल सावरतंय… हं.

तोलत्यात? कुणाला तोलत्यात?… मानसांना? काट्यावर? गुळाच्या ढेपंगत?… आन् पेट्या बी तोलत्यात. मग?… मग ठरवत्यात कोण कुठं बसायचं ते. जड मानूस कुठं, हलका कुठं… हं… सारजा, ह्ये मातुर बेस केलं त्यांनी. ह्यो तोलणारा जो कोण हाय ना, त्याला गाडी भरायची अक्कल हाय. रावजीला दाखवाय पायजे… न्हाय, न्हाय! कौतुक केलं म्हंजी येतो म्हणलो न्हाय.

आन् हाकणारा?… दोघं? एका गाडीला दोन गाडीवान? भांडणं झाली म्हंजी?… हां, एक दमला की दुसरा… दोघांच्या म्होरं बी हाय व्हय हाकायचं चाक? त्ये बी बघून आलीस… काय बघायचं सोडलंस का न्हाय तू?

समदं खरं गं. चाकं बी खरी आन् काटा बी खरा. पर मला एक सांग. आपला देव कंचा? नरसिंगपूरचा नरसिंह. त्यानं त्या राक्षसाला कुठं मारला? घरात न्हाय, बाहीर न्हाय. भुईवर न्हाय, आभाळात न्हाय. उंबऱ्यावर बसून, मांडीवर घिऊन मारला. म्हंजी काय? म्हंजी आपल्या देवाचं राज उंबऱ्यापातूर. तितं वर, ढगात, आपलं वळखीचं कोण हाय?… ऐक ना, मी चेष्टा करत न्हाय… आं?… इमानाला उंबरा हाय?… दाराला, लोखंडाचा? हात लावून बघितलास?… हळदकुंकू बी वाहिलंस? अगं, त्यो साहेब काय म्हणला असंल!… त्यानं बी पायताण काढून हात जोडलं? सरकारी मानसानं?… बरा हाय की मग मानूस. मला मोटारीशी जरा तुसडा वाटला हुता.

हॅलो?… कोण?… हां, तुमी व्हय बाई. येळ झाला?… वाढवायचा का म्हणून मला काय विचारता, फोन तिनं लावलाय, तिला विचारा… वाढवा म्हणती? मग वाढवा. आमच्यात तिचंच चालतंय.

… हाय, हाय मी… काय सांगू?… अजून काय कारण हाय म्हणती? कुठं काय. पाळी झाली, म्हशीला रावजी हाय, देवाचं बी तू मिटवलंस. माझ्याजवळ आता काय शिल्लक ऱ्हायलं न्हाय, ह्ये खरं… मग यायला काय हुतंय, असं व्हय.

… सांगतो… सांगतो गं, थांब जरा…

… ऐकलंस?… न्हाय? आत्ताच बोललो की… मोठ्यानं न्हाय बोलता यायचं. आख्खा बाजार बसलाय हितं. हमाल हायत, गिऱ्हाइकं हायत, आबासाहेब तर तागडी सोडून कान लावून बसल्यात. मी भिताडाकडं तोंड केलंय… भ्या… भ्या गं… अगं भ! भाकरीतला भ!… भ्या वाटतंय! मला! इमानाचं! झुंबरला इमानाचं भ्या वाटतंय!

… आलं ऐकू?… येणारच. बाहीर बैलांनी बी माना वर केल्या.

हसा रं, हसा. काय हसायचं ते एकदाच हसून घ्या. आबासाहेब, ह्यांस्नी पोती उचलाय लावा की.

… हॅलो. तू हसली न्हाईस?… का?… तुला ठाऊक हुतं? कवापासनं?… लग्नापासनं? अगं लग्नात कुठलं आलं इमान?… हां, ती गाडी व्हय. हाकली हुती, म्या माझ्या हातानं. कपाळाला बाशिंग, गळ्यात हार, आन् हातात कासरा. तुझा मामा वेशीत म्हणला, ह्यो नवरदेव हाय का गाडीवान? मग काय करू? आमचा चुलता हाकत हुता, त्यो गाडी खड्ड्यात घालत हुता… नव्हता घालत? तुला काय म्हाईत, तू मांडवात हुतीस… सगळ्या वऱ्हाडानं सांगितलं? बरं मग, नव्हता.

व्हय, एष्टीत बी मी ड्रायव्हरच्या मागंच बसतो. व्हय, बोलतो मधी मधी. उतार आला तर त्याला सांगाय नगं, दाब धर म्हणून?… उतरवत हुता मला, खरं हाय. तू हातापाया पडलीस कंडक्टरच्या. पर त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

… उंचीचं भ्या न्हाय?… हं. न्हायच म्हणा. हिरीच्या काठावर हुबा ऱ्हाऊन मोट हाकली, वाकून तळ बघितला, कवा पाय कापला न्हाय. त्या चिंचंच्या शेंड्यावर चढतो अजून… मग कशाचं भ्या वाटतंय म्हणतीस?… कासरा?

… हं.

… हं… सारजा, ह्ये तू तितं मुंबईत बसून हुडकून काढलंस?

व्हय गं. तसंच हाय. ह्या हातात कायतरी लागतंय मला. हात रिकामं असलं की माझा जीव खालवर हुतो. गाडी कलली तर मी कासरा वढीन, बैलाला हाळी देईन, न्हायतर खाली उतरून चाकाला खांदा देईन. तितं वर मी काय करू? हात मांडीवर ठिऊन बसू? एक अनोळखी मानूस हाकतोय, दार लोटल्यालं, म्होरची वाट दिसत न्हाय, मधीच उतरता येत न्हाय. त्याला हळू म्हणायचं तर म्हणायचं कसं?… तूच सांग, असं कुणाला जमंल?

कोण?… तू? तू कवा?… माझ्या गाडीत? ती येगळी गोष्ट हाय, आपलीच गाडी, आपलंच बैल… तू तर निवांत बसायचीस की मागं… न्हाय?

ओढ्याच्या दिशी?… म्हाईत हाय का म्हणून काय विचारती, गावाला म्हाईत हाय ती गोष्ट! भीमाचं जावळ काढून नरसिंगपूरवरनं येत हुतो. वर कुठंतरी पाऊस झाल्याला, ओढा फुगल्याला. म्या गाडी घातली. मधी पाणी गाडीच्या साट्याला लागलं, डावं चाक वाळूत रुतलं, गाडी एका अंगाला कलली, पाखऱ्या बैलानं मान टाकली. आन् माझी बायकू मागं पोर पदराखाली घिऊन अशी बसली हुती, जशी काय देवळात बसलीया. हूं न्हाय का चूं न्हाय. आबासाहेबांना विचार, मी दर बाजाराला सांगतो ती गोष्ट… व्हय ना ओ आबासाहेब?… बघ, कट्टाळलं म्हणत्यात.

… काय?

… भ्याली हुतीस?

… एवढी?… मग बोलली का न्हाईस? मला सांगितलं असतंस तर मी… मी तर काय केलं असतं म्हणा. कासरा तुझ्या हातात थोडाच दिला असता. उलट डाफरलो असतो.

… बोल तू. ऐकतोय… पाण्याकडं बघितलंच न्हाईस?… मग कुठं बघत हुतीस?… माझी मान?… पटक्याच्या खालची?… हं… मान ताठली की तुला भ्या वाटायचं, आन् सैल पडली की निवायचीस… समद्या वाटांनी? दर येळंला?… आन् त्या दिशी ओढ्यात मान निस्ती दगड झाली हुती. झाली असंल… मग म्या पाखऱ्याला शिवी हासडली, आन् मान सैल पडली… तवा तू पोराच्या तोंडावरचा पदर काढलास…

… हॅलो?… हाय. हाय मी… काय न्हाय.

… न्हाय गं. डोळ्यात मिरची गेलीया. अडतीवर मिरचीची पोती असत्यात ना… आबासाहेब, मिरची आलीया ना आज?… न्हाय आली म्हणत्यात. ह्या मानसाला येळंला साधं व्हय म्हणता येत न्हाय.

सारजा, ऐक. मला भ्या वाटलं नव्हतं गं त्या दिशी. आयच्यान सांगतो. मान ताठली असंल ती जोर लावून. पर भ्या असं वाटलंच न्हाय, कासरा हातात हुता ना. भ्या समदं मागं तुझ्याकडं बसलं हुतं, पदराखाली. आन् मी गावभर सांगत फिरलो, आमच्या हिला कशाचं म्हणून भ्या वाटत न्हाय… व्हय, धीराची हाईसच. पर मला वाटायचं, तुला वाटतच न्हाय. तुला वाटत हुतं आन् तू बसत हुतीस. बाजाराला बसलीस, माहेराला बसलीस, बाळातपणाला पोटूशी बसलीस, मी ढेकळातनं गाडी दामटीत हुतो. कवा हळू म्हणली न्हाईस… म्हणलीस? एकदा?… आन् मी काय म्हणलो?… गप बस म्हणलो. हं. म्हणलो असंल.

आन् मी एक दीस मागं बसायचं तर म्हशीची आन् दाढंची कारणं सांगतोय.

… न्हाय, तू म्हणली न्हाईस असं. मीच म्हणतोय… रडू नगं गं. तितं साहेब असंल शेजारी, त्याला काय वाटंल… तू न्हाय रडत? मग नाक कोण वढतंय? त्यो सोपान का?

हॅलो? व्हय बाई… आता शेवटचं? म्होरं दुसऱ्याचा फोन हाय?… द्या की त्याला, आमी कुठं न्हाय म्हणतो. वाईच थांबा. दोन शब्द ऱ्हायल्यात.

सारजा? हां. ती बाई तोडणार म्हणती… एका शब्दात सांगू? अगं हे एका शब्दातलं असतं तर मोटारीशीच सांगितलं असतं… ऐक ना, ऐक. मला आधी एक सांग. आत बसायच्या खुर्च्या कशा हायत? शेजारी शेजारी का एकामागं एक?… दोन्ही? दोनदोन शेजारी, आन् मागं अशा ओळी… आन् अंबाडा घालतीस ना तू, मग मान दिसती… कशाला म्हणून काय विचारती, ऐक तर! त्या तोलणाऱ्याला सांग, आमाला शेजारी लावू नगं म्हणावं. तू म्होरच्या खुर्चीत बस. माझी खुर्ची बरूबर तुझ्या मागं लावाय सांग. मी समदी वाट तुझ्या मानंकडं बघत येतो. आन् तुला भ्या वाटलं तर आता गप बसायचं न्हाय, मागं वळायचं आन् मला सांगायचं. कळलं का?… सारजा?… कळलं का म्हणलो… हॅलो? हॅलो!

अगं बोल की… हॅलो?

आबासाहेब, ह्यात काय आवाजच न्हाय. निस्तं घूं करतंय… कवाच तुटलं? म्हंजी मी बोललो ते… कुणालाच ऐकू गेलं न्हाय?… तुमाला गेलं ओ, तुमाला जाऊन काय उपेग! तिला कुठपातूर गेलं? कुठपातूर गेलं असंल?… येतो म्हणलो त्याच्या आधीच तुटलं असंल… अरं देवा. ती बसली असंल तितं त्यो डबा कानाला लावून. तिला वाटंल, ह्यानं शेवटी म्हशीचंच कारण म्होरं केलं.

लावा परत. लावा, लावा… किती येळ?… पुण्याची लाईन मिळाली तर दिवस मावळायच्या आत? आन् न्हाय मिळाली तर?… आन् ती मोटार कंची वाजतीया? पुण्याची?

नगा लावू मग. ठेवा त्यो डबा खाली. भीमाला सांगावा धाडा, म्हैस रावजीच्या हवाली कर म्हणावं… कापडं कशाला, हायत की अंगावर. ए, थांबव रं ती मोटार, थांबव! आबासाहेब, सोडा हात, फोन लागूस्तवर मीच पोचतो.